कोंबडीखाद्यातील कीटकभुकटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्न कुक्कुटपालक, खाद्यमिश्रण करणारे आणि अळीपालन सुरू करू पाहणारे लोक पुन्हा पुन्हा विचारतात. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचले तरी समजावे असे लिहिले आहे. दोन उत्तरांचा विषय जिथे एकमेकांत शिरतो, तिथे पुनरुक्ती टाळून संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कीटकभुकटी म्हणजे नेमके काय?

बंदिस्त आणि नियंत्रित जागेत वाढवलेले कीटक, बहुतेक वेळा त्यांच्या अळ्या, मारून, वाळवून आणि दळून जे पीठ तयार होते त्याला कीटकभुकटी म्हणतात. तिचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात अळीतील तेल तसेच ठेवलेले असते, तर दुसऱ्यात घाण्यावर दाबून किंवा द्रावक वापरून ते काढून घेतलेले असते. ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्यांचेच उदाहरण घ्यायचे, तर तेल न काढलेल्या भुकटीत साधारण ४० ते ४५ टक्के प्रथिने आणि ३० टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो. तेल काढल्यावर प्रथिने ५० ते ६० टक्क्यांपर्यंत जातात. खाद्यसूत्राच्या, म्हणजे खाद्यात कोणता घटक किती घालायचा या हिशेबाच्या, दृष्टीने हे दोन वेगळे घटक आहेत. पोत्यावर नुसते ‘कीटकभुकटी’ असे लिहिले असेल, तर त्यावरून कोणतेही सूत्र मांडता येणार नाही.

२. यासाठी कोणते कीटक वापरतात?

सर्वांत जास्त वापर ब्लॅक सोल्जर फ्लायचा होतो; तिचे शास्त्रीय नाव हर्मेशिया इल्युसेन्स. तिची प्रौढ माशी चावत नाही आणि घरमाशीप्रमाणे आपल्या अन्नावर येऊन बसत नाही. अळीच्या काळात साठवलेल्या चरबीवर तिचे लहानसे प्रौढ आयुष्य निघते, आणि तेवढ्यात एक मादी सुमारे ५०० अंडी घालते. अळ्या फळे, भाज्या, कोंडा, मळी अशा नाना प्रकारच्या ओल्या पदार्थांवर वाढतात आणि त्यांना २७ ते ३० अंश सेल्सियस तापमान मानवते.

त्याखालोखाल पिवळा मीलवर्म, म्हणजे पिठात वाढणाऱ्या एका भुंग्याची अळी, घरमाशीची अळी आणि रातकिडे यांचा उपयोग होतो. रेशीम काढून घेतल्यावर उरणारे रेशीमकिड्याचे कोशही वापरले जातात. ते मुद्दाम वाढवावे लागत नाहीत, रेशीम उद्योगातून आपोआप मिळतात, म्हणून त्यांचा वापर बराच जुना आहे. मात्र त्यांतले तेल लवकर खवट होते आणि वासही उग्र असतो.

३. सोयापेंड आणि मासळीची भुकटी उपलब्ध असताना कीटकांची गरज काय?

सोयाबीन पिकवायला जमीन लागते, आणि मासळीची भुकटी समुद्रातील पकडीवर अवलंबून असल्याने तिचा पुरवठा व दर्जा सतत बदलत राहतो. उलट कीटक कमी जागेत, थरावर थर रचलेल्या ट्रेमध्ये, अन्नप्रक्रिया उद्योगातील उरलेल्या पदार्थांवर वाढू शकतात. शिवाय कीटक हे कोंबडीचे मूळचे अन्न आहे. मोकळी सोडलेली कोंबडी दिवसभर माती उकरून तेच शोधत असते.

या युक्तिवादाला एक अट आहे आणि ती फार वेळा विसरली जाते. अळ्यांना मका, कोंडा आणि पेंड घालून वाढवले, तर जे खाद्य कोंबडीने थेट खाल्ले असते ते आधी अळीच्या पोटातून फिरवून आणल्यासारखे होते, आणि या फेऱ्यात ऊर्जा व प्रथिने दोन्ही खर्ची पडतात. ज्यावर कोंबडी वाढू शकत नाही अशा पदार्थावर अळी वाढवली तरच या सगळ्या खटाटोपाला अर्थ आहे. आमच्याकडे कोणी अळीपालनाची योजना घेऊन आले, तर त्यांना पहिला प्रश्न आम्ही हाच विचारतो की अळ्या काय खाणार आहेत.

४. यातील प्रथिनांचा दर्जा कसा असतो?

चांगला असतो, पण सोयापेंडीपेक्षा वेगळा असतो. कोंबडीला प्रथिनांपेक्षा त्यांतील अमिनो आम्ले लागतात, आणि त्यांतही लायसीन व मेथिओनिन ही दोन सर्वांत आधी कमी पडतात. ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळीच्या प्रथिनांत लायसीनचे प्रमाण सोयापेंडीच्या जवळपास असते. मेथिओनिन सोयापेक्षा थोडे अधिक, पण मासळीच्या भुकटीपेक्षा कमी असते, आणि सिस्टीन कमी असल्यामुळे मेथिओनिन व सिस्टीन या गंधकयुक्त अमिनो आम्लांची एकत्रित बेरीज अपुरी पडते. म्हणून मासळीची भुकटी काढून त्या जागी तितक्याच वजनाची कीटकभुकटी टाकली, तर सूत्रात कृत्रिम मेथिओनिन वाढवावेच लागते. पिसे नीट न भरणे आणि वाढ मंदावणे ही तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या सूत्रात बहुधा हीच चूक सापडते. रेशीमकिड्याच्या कोशांत मात्र मेथिओनिन चांगल्या प्रमाणात असते.

५. प्रयोगशाळेच्या अहवालात ४५ टक्के प्रथिने लिहिली आहेत. सूत्रात तेवढीच धरावीत का?

प्रयोगशाळा प्रथिने थेट मोजत नाही. ती नत्र मोजते आणि त्याला ६.२५ ने गुणते, कारण प्रथिनांत सरासरी १६ टक्के नत्र असते असे गृहीत धरलेले आहे. कीटकांच्या बाबतीत हे गृहीतक फसते, कारण त्यांच्या आवरणातील कायटीन या कडक, तंतुमय पदार्थातही नत्र असते आणि तेही या गुणाकारात प्रथिने म्हणून मोजले जाते. ब्लॅक सोल्जर फ्लाय आणि मीलवर्म यांच्या संपूर्ण अळ्यांसाठी ४.७६ हा गुणक सुचवला गेला आहे. अहवालातले ४५ टक्के म्हणजे ७.२ टक्के नत्र, त्याला ४.७६ ने गुणले तर सुमारे ३४ टक्केच प्रथिने उरतात. दहा-अकरा टक्क्यांचा हा फरक कोणत्याही खाद्यसूत्रात दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

तरीही सूत्रात सरळ ४.७६ वापरा, असा सल्ला आम्ही देत नाही. मका, सोयापेंड आणि कोंबडीची गरज हे सगळे आकडे ६.२५ या गुणकावर बेतलेले असतात. एकाच घटकासाठी गुणक बदलला, तर बेरीज दोन वेगवेगळ्या मापांत होते. यातून सुटण्याचा सरळ मार्ग म्हणजे एकूण प्रथिनांचा आकडा बाजूला ठेवून पचनीय अमिनो आम्लांवर सूत्र मांडणे. त्यासाठी त्या खेपेचे अमिनो आम्लांचे विश्लेषण करून घ्यावे लागते. हा खर्च टाळू नये.

६. अळीच्या कवचातील कायटीन कोंबडीला पचते का?

काही प्रमाणात पचते. कोंबडीच्या ग्रंथिल जठरात कायटीन तोडणारे विकर (एन्झाइम) स्रवते, त्यामुळे कायटीन तिला पूर्णपणे अपचनीय आहे हे जुने मत आता टिकत नाही. परंतु हे पचन अपूर्ण असते, आणि कायटीनच्या जाळीत अडकलेली प्रथिनेही त्याच्याबरोबर वाया जातात.

इथे अळी कोणत्या वयात काढली याला महत्त्व येते. फिकट रंगाच्या, अजून खात असलेल्या अळीत कायटीन कमी असते. अळीने खाणे थांबवले, ती काळपट झाली आणि कोशावस्थेकडे निघाली की आवरण जाड व कडक होते. उशिरा काढलेल्या काळ्या अळ्यांची भुकटी स्वस्त मिळत असेल, तर तिची पचनीयता कमी धरूनच हिशेब करावा.

७. मांसल कोंबड्यांच्या खाद्यात किती टक्के घालावी?

अमिनो आम्लांचा तोल सांभाळला, तर ५ ते १० टक्क्यांपर्यंत ब्लॅक सोल्जर फ्लायची भुकटी वापरून वाढ आणि खाद्य रूपांतर (किती खाद्यात किती वजन वाढते ते) चांगले राहते, असे बहुतेक चाचण्यांत दिसले आहे. १५ टक्क्यांच्या पातळीवर खाद्य रूपांतर बिघडल्याचे आणि आतड्यात अन्नरस शोषणाऱ्या रसांकुरांची उंची घटल्याचे आढळले आहे. त्यामुळे पहिल्यांदाच वापर करणाऱ्याने ५ टक्क्यांपासून सुरुवात करावी आणि एक पूर्ण बॅच पाहूनच पुढे जावे.

तेल न काढलेली भुकटी वापरताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. तिच्यात ऊर्जा खूप असते, म्हणून सूत्रातले तेल त्या मानाने कमी केले नाही, तर खाद्यातील ऊर्जा वाढते, कोंबडी खाणे आवरते घेते, आणि प्रथिनांचे प्रमाण कागदावर बरोबर असूनही प्रत्यक्षात ती तिला कमी मिळतात. याचा परिणाम पोटातील चरबी वाढण्यात दिसतो.

८. अंड्यावरच्या कोंबड्यांना चालते का?

चालते, आणि मांसल कोंबड्यांच्या तुलनेत इथे प्रमाणाबाबत थोडी अधिक मोकळीक असते, कारण प्रौढ कोंबडीचे पचनसंस्थान परिपक्व असते आणि प्रथिनांची गरजही तुलनेने कमी असते. मात्र सोयापेंड पूर्ण काढून त्या जागी कीटकभुकटी दिलेल्या चाचण्यांत खाद्याचे सेवन आणि अंड्यांचे प्रमाण घटल्याची उदाहरणे आहेत. खाद्य बदलल्यानंतर पहिले दोन आठवडे रोजचे खाद्यसेवन आणि अंड्यांचे वजन लिहून ठेवावे. सेवन घसरले की अंड्यांचे वजनही मागोमाग घसरते. कॅल्शियमचा हिशेब पुढील प्रश्नात आहे.

९. अळ्यांत कॅल्शियम भरपूर असते असे ऐकले. मग शिंपला आणि चुनखडी बंद करता येईल का?

नाही. हा प्रश्न आमच्याकडे सर्वाधिक वेळा येतो आणि चुकीच्या उत्तराने सर्वाधिक नुकसानही इथेच होते, म्हणून तो सविस्तर घेतो.

ब्लॅक सोल्जर फ्लायची अळी आपल्या आवरणात कॅल्शियम कार्बोनेट साठवते. त्यामुळे तिच्या भुकटीत अनेकदा ५ ते ८ टक्के कॅल्शियम सापडते, पण ते तिने काय खाल्ले यावर फार अवलंबून असते. समजा ७ टक्के कॅल्शियम असलेली भुकटी खाद्यात १० टक्के घातली, तर तिच्याकडून खाद्याला ०.७ टक्के कॅल्शियम मिळते. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात साधारण ३.५ ते ४.२ टक्के कॅल्शियम लागते. म्हणजे २.८ ते ३.५ टक्के कॅल्शियम अजून बाहेरूनच द्यावे लागेल. शिवाय अंड्याचे कवच मुख्यतः रात्री तयार होते, आणि त्या वेळी पेषणीत (अन्न दळणाऱ्या जठरात) अडकून राहिलेले शिंपल्याचे जाड तुकडे हळूहळू विरघळत कॅल्शियम पुरवतात. अळीच्या भुकटीतले बारीक कॅल्शियम हे काम करू शकत नाही.

मांसल पिल्लांच्या बाबतीत प्रश्न नेमका उलटा होतो. त्यांच्या सुरुवातीच्या खाद्यात एक टक्क्याच्या आसपास कॅल्शियम पुरते. त्यातले ०.७ टक्के अळ्यांनीच आणले आणि सूत्रातली चुनखडी तशीच राहिली, तर कॅल्शियम जास्त होते, स्फुरदाचे शोषण बिघडते आणि पाय अधू होऊ शकतात. अंड्यावर न आलेल्या तलंगांना दीर्घकाळ जास्त कॅल्शियम मिळाले, तर मूत्रपिंडांना इजा होते.

मीलवर्म, घरमाशीची अळी आणि रातकिडे यांच्यात कॅल्शियम अगदी कमी असते. एका कीटकासाठी केलेला हिशेब दुसऱ्याला लावता येत नाही.

१०. सोयापेंड पूर्ण बंद करता येईल का?

तांत्रिकदृष्ट्या काही परिस्थितीत येते, पण आम्ही तसा सल्ला देत नाही. प्रमाण वाढवत नेले की कायटीन, कॅल्शियम आणि स्निग्धांश या तिन्हींची मर्यादा एकाच वेळी आड येते (प्रश्न ६, ७ आणि ९). मासळीची भुकटी पूर्णपणे काढून टाकणे त्या मानाने सोपे आहे, कारण ती मुळातच थोड्या प्रमाणात वापरली जाते. मात्र मासळीतील दीर्घ साखळीची ओमेगा-३ मेदाम्ले अळ्यांत जवळजवळ नसतात, हे लक्षात ठेवावे.

११. मांसाला किंवा अंड्यांना वास येतो का?

शिफारस केलेल्या प्रमाणात ताजी भुकटी वापरली, तर खाणाऱ्याला सहसा फरक जाणवत नाही. वास येतो तो खवट झालेल्या भुकटीमुळे, आणि रेशीमकिड्याच्या तेलकट कोशांचे प्रमाण वाढवल्यास.

चवीपेक्षा अधिक निश्चित बदल मांसाच्या चरबीत होतो. कोंबडी जशी चरबी खाते तशी ती अंगात साठवते. ब्लॅक सोल्जर फ्लायच्या तेलात लॉरिक आम्ल हे संपृक्त मेदाम्ल विपुल असते, काही वेळा एकूण मेदाम्लांच्या ४० टक्क्यांच्या आसपास. तेल न काढलेली भुकटी दीर्घकाळ दिल्यास मांसातील संपृक्त मेदाम्ले वाढतात आणि असंपृक्त घटतात. ज्यांना याची चिंता आहे त्यांनी तेल काढलेली भुकटी वापरावी.

१२. भुकटीऐवजी जिवंत अळ्या दिल्या तर?

कोंबड्यांना त्या फार आवडतात. अळ्या टाकल्यावर कोंबड्या उकरण्यात, टोचण्यात आणि धावण्यात गुंतून राहतात. गादीवर, म्हणजे शेडमध्ये पसरलेल्या भुशाच्या थरावर, वाढणाऱ्या पक्ष्यांच्या हालचालीसाठी हे हितकारक आहे, आणि कंटाळ्यातून एकमेकींची पिसे उपटण्याकडे वळणारे त्यांचे लक्ष दुसरीकडे जाते.

अडचण मापाची आहे. जिवंत अळीत ६० ते ७० टक्के पाणी असते, म्हणजे एक किलो कोरड्या भुकटीऐवजी जवळपास तीन किलो अळ्या लागतात. शिवाय दांडग्या कोंबड्या जास्त खातात आणि दबलेल्या मागे राहतात. त्यामुळे अनेक ठिकाणी थोड्या थोड्या पसराव्यात आणि मुख्य खाद्य संतुलितच ठेवावे. उष्णतेची प्रक्रिया न झाल्याने रोगजंतूंचा धोका राहतो, म्हणून अळ्या कुठे वाढल्या हे माहीत असलेच पाहिजे.

१३. शेडमधल्या खतात आपोआप होणाऱ्या अळ्या आणि काळे भुंगे कोंबड्या खातातच. तेच गोळा करून द्यावेत का?

देऊ नयेत. कोंबडीच्या पट्टकृमींना आपले जीवनचक्र पूर्ण करायला मधला यजमान लागतो, आणि घरमाश्या, मुंग्या व भुंगे हेच ते यजमान. संसर्ग झालेला कीटक कोंबडीने खाल्ला की कृमी तिच्या आतड्यात वाढतो. गादीत सापडणारा लहान काळा भुंगा, ज्याला लेसर मीलवर्म म्हणतात, साल्मोनेला आणि मरेक्स यांसारख्या रोगांचे जंतू एका बॅचमधून पुढच्या बॅचमध्ये वाहून नेऊ शकतो. तोच शेडच्या भिंतींतील उष्णतारोधक थरही पोखरतो. गोंधळ होतो तो इथे, की याच जातीचा भुंगा स्वच्छ जागेत वाढवून त्याची भुकटीही केली जाते. कीटक तोच असला, तरी शेडमधल्या भुंग्याने काय खाल्ले आणि त्याच्या पोटात कोणते जंतू आहेत हे कोणालाही सांगता येत नाही. शेडमधले भुंगे हटवायचेच असतात.

१४. अळ्यांना शेणखत, कोंबडीखत किंवा उरलेले मांसाहारी अन्न घातले तर चालेल का?

अळ्या त्यावर उत्तम वाढतील; ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या कोंबडीखतातील साल्मोनेलाचे प्रमाण घटवतात हेही दिसले आहे. पण घटवणे म्हणजे नाहीसे करणे नव्हे, आणि क्लॉस्ट्रिडियमसारख्या जंतूंचे बीजाणू साध्या वाळवणीतून वाचतात. ज्या पक्ष्याला अळ्या खाऊ घालायच्या, त्याच्याच विष्ठेवर त्या वाढवणे म्हणजे रोगाचे चक्र आपल्या हाताने जोडून देणे होय.

कायद्यांतही हीच सावधगिरी दिसते. मॅड काऊ रोगाच्या संकटानंतर युरोपीय संघाने २००१ मध्ये पशुखाद्यातील प्रक्रिया केलेल्या प्राणिज प्रथिनांवर व्यापक बंदी घातली. ती सैल करत २०१७ मध्ये कीटकांची प्रथिने मत्स्यखाद्यात आणि २०२१ मध्ये कोंबड्या व डुकरांच्या खाद्यात वापरायला परवानगी मिळाली. ही परवानगी ठरावीक जातींपुरती आहे, आणि अळ्यांना विष्ठा, खाणावळींतील उरलेले अन्न किंवा कत्तलखान्यातील टाकाऊ भाग खाऊ घालण्यास मनाई कायम आहे. इतर देशांत नियम वेगळे असतात; पहिली खेप मागवण्याआधी आपल्या देशातील खाद्यविषयक यंत्रणेकडून जातीची परवानगी आणि अळ्यांना काय घालता येते, या दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे विचाराव्यात, कारण एकीची परवानगी असली म्हणजे दुसरीची असतेच असे नाही.

१५. अळ्यांनी सडके किंवा बुरशी लागलेले खाल्ले, तर विष कोंबडीत उतरते का?

ते कोणत्या विषाबद्दल बोलतो आहोत यावर ठरते. बुरशीतून येणारे अफ्लाटॉक्सिन बी-१ ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्यांच्या अंगात साठत नाही, असे अभ्यासांत आढळले आहे. जड धातूंचे तसे नाही. याच अळीत कॅडमियम तिच्या खाद्यापेक्षाही जास्त प्रमाणात साठू शकते, आणि मीलवर्ममध्ये आर्सेनिक साठण्याची प्रवृत्ती दिसते. म्हणून कारखान्यांचे सांडपाणी किंवा शहरी गाळ मिसळलेल्या कोणत्याही पदार्थावर अळ्या वाढवू नयेत, आणि भुकटीच्या तपासणीत कॅडमियम व शिसे यांचा समावेश असावा. भाज्यांवरच्या कीटकनाशकांचा अंश जास्त असेल, तर बहुधा अळ्याच मरतात. अळ्या अचानक मरू लागल्या, तर उरलेल्या गोळा करून कोंबड्यांना घालण्याचा मोह टाळावा.

१६. अळ्यांमुळे रोगप्रतिकारशक्ती वाढते म्हणे. मग प्रतिजैविके आणि लसी कमी करता येतील का?

लॉरिक आम्ल काही जंतूंची वाढ रोखते आणि कायटीनचा आतड्यातील जिवाणूंवर परिणाम होतो, या गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांवर संशोधन चालू आहे. पण त्यावरून लसीकरण थांबवणे किंवा आजारी कळपावर उपचार टाळणे योग्य नाही. कीटकभुकटी हा खाद्यघटक आहे. औषधाचे निर्णय पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच घ्यावेत.

१७. अळ्या कशा माराव्यात, वाळवाव्यात आणि भुकटी किती दिवस टिकते?

काढणीआधी अळ्यांना साधारण एक दिवस उपाशी ठेवून त्यांचे पोट रिकामे होऊ द्यावे आणि त्यांना चिकटलेले खाद्य चाळून वेगळे करावे. नंतर उकळत्या पाण्यात काही मिनिटे बुडवणे ही मारण्याची चांगली पद्धत आहे. अळी लगेच मरते, बाहेरचे जंतू घटतात, आणि रंग काळा पाडणारी व तेलाचे विघटन करणारी विकरे निष्क्रिय होतात. गोठवून मारलेल्या अळ्या वितळताना काळ्या पडतात, त्याचे कारण हीच विकरे.

वाळवताना ओलावा १० टक्क्यांच्या खाली आणावा. ६० ते ८० अंशांवर सावकाश वाळवलेल्या भुकटीत लायसीन टिकते. घाईने जास्त तापवली, तर करपलेल्या भागातले लायसीन मोजणीत दिसले तरी कोंबडीला मिळत नाही. नुसत्या उन्हात वाळवल्याने ओलावा एकसारखा उतरत नाही आणि बुरशी धरते.

साठवणीत कीटकागणिक फरक पडतो. ब्लॅक सोल्जर फ्लायचे तेल बरेचसे संपृक्त असल्याने हवेतील प्राणवायूने ते सावकाश बिघडते. मीलवर्म आणि रेशीमकिडा यांचे तेल असंपृक्त असल्याने लवकर खवट होते. हवाबंद पिशवी, कोरडी व थंड जागा आणि तेलकट भुकटीत अँटिऑक्सिडंट यांची गरज आहे. जीभ आणि नाक यांवर भरवसा न ठेवता तेलाचा खवटपणा दाखवणारे पेरॉक्साइड मूल्य तपासून घ्यावे.

१८. नवे खाद्य दिल्यावर कोंबड्यांनी खाणे कमी केले. काय चुकले?

आधी भुकटीचा खवटपणा तपासावा, मग सूत्रातली ऊर्जा (प्रश्न ७). दोन्ही ठीक असतील, तर बदल एकदम झाला असण्याची शक्यता जास्त. ओळखीच्या खाद्याचा रंग आणि पोत बदलला की कोंबडी बिचकते, म्हणून जुन्यात नवे मिसळत सात ते दहा दिवसांत बदल करावा. तेलकट भुकटीमुळे मेश (भरड दळलेल्या) खाद्याचे गोळे होऊन ते फीडरमध्ये अडकण्याचा प्रकारही होतो.

१९. भुकटी हाताळताना मजुरांना शिंका आणि खाज येते. हे गंभीर आहे का?

होय, याकडे लक्ष द्यावे. कीटकांतील ट्रोपोमायोसिन हे प्रथिन कोळंबी आणि धुळीतील माइट (सूक्ष्म किडे) यांच्यातील प्रथिनांशी मिळतेजुळते असल्याने, त्यांची ॲलर्जी असणाऱ्यांना कीटकांच्या धुळीचाही त्रास होऊ शकतो, आणि रोजच्या संपर्कातून नवी ॲलर्जीही निर्माण होते. दळण आणि मिसळणीच्या जागी चांगला मास्क, हातमोजे आणि खेळती हवा असावी. दम लागत असेल, तर त्या व्यक्तीला त्या कामावरून हलवून डॉक्टरांना दाखवावे.

२०. परवडते की नाही, हे कसे ठरवावे?

किलोमागच्या दराची तुलना करू नये. पचनीय लायसीनच्या किलोमागे किती खर्च येतो ते काढावे. समजा एका सोयापेंडीत २.८ टक्के लायसीन आहे आणि त्यातले ९० टक्के पचते. मग एक किलो पचनीय लायसीनसाठी सुमारे ४० किलो पेंड लागेल. समजा एका तेल काढलेल्या कीटकभुकटीत ३ टक्के लायसीन आहे आणि ८० टक्के पचते. मग सुमारे ४२ किलो भुकटी लागेल. दोन्हींना आपापल्या दराने गुणले की खरी तुलना समोर येते. अहवालातील प्रथिनांचा आकडा पाहून जी भुकटी सोयापेंडीपेक्षा बरीच सरस वाटत होती, ती या हिशेबात जवळपास बरोबरीला येते. त्यानंतर भुकटीतील तेल आणि कॅल्शियम यांमुळे सूत्रात जे तेल आणि चुनखडी वाचेल ते खर्चातून वजा करावे, आणि वाढवाव्या लागणाऱ्या मेथिओनिनचा खर्च त्यात मिळवावा.

स्वतः अळ्या वाढवणाऱ्यांनी वाळवणीचे इंधन धरायला विसरू नये. तीन किलोंतले दोन किलो पाणीच उडवायचे असल्याने हा खर्च मोठा असतो.

२१. बदके, टर्की आणि लाव्यांना हीच भुकटी चालते का?

चालते. प्रमाणाचे आकडे मात्र कोंबडीवरून जसेच्या तसे उचलू नयेत. टर्कीच्या पिल्लांना प्रथिने खूप जास्त लागतात आणि त्यांच्या सूत्रात अमिनो आम्लांची छोटी तूटही लवकर दिसते.

२२. अळ्या वाढल्यावर ट्रेमध्ये उरणारा चुरा खाद्यात मिसळता येतो का?

नाही. त्यात अळ्यांची विष्ठा, टाकलेली कात आणि न खाल्लेले पदार्थ असतात. तो खत म्हणून वापरावा, आणि त्याआधी त्यावर उष्णतेची प्रक्रिया करावी. युरोपीय संघाच्या नियमांत ७० अंशांवर एक तास ही अट आहे.

२३. एकाच पुरवठादाराच्या दोन खेपांचे अहवाल वेगवेगळे आले. तो फसवतो आहे का?

तसे असेलच असे नाही. अळीच्या शरीरातील स्निग्धांश आणि खनिजे तिच्या खाद्याप्रमाणे बदलतात. हंगाम बदलला, फळांच्या चोथ्याऐवजी मळी आली, अळ्या दोन दिवस उशिरा काढल्या, किंवा घाण्यावर तेल कमी निघाले, तर त्याच जातीची, त्याच ट्रेमधली भुकटी वेगळी निघते. सोयापेंडीसारखा स्थिर दर्जा या घटकाकडून आज अपेक्षित धरता येत नाही.

म्हणून पुरवठादाराकडून प्रत्येक खेपेसोबत पाच गोष्टी लेखी मागाव्यात: कीटकाची जात, अळ्यांना काय घातले, कोणत्या अवस्थेत काढल्या, तेल काढले की नाही, आणि वाळवणीचे तापमान. ओलावा, नत्र, स्निग्धांश, कॅल्शियम आणि स्फुरद यांची तपासणी प्रत्येक खेपेला, तर अमिनो आम्ले आणि जड धातूंची तपासणी किमान अळ्यांचे खाद्य बदलेल तेव्हा करावी. अहवाल येईपर्यंत नवी खेप वेगळी ठेवावी, आणि कॅल्शियमचा आकडा आधीच्या खेपेपेक्षा बदललेला असेल, तर पिल्लांच्या सूत्रातली चुनखडी त्याच दिवशी नव्याने मोजावी.